उजवीकडचं शेपूट

दादा पिठासकट घरी आला, त्या संध्याकाळी मला खरं वाटलं की वहिनी आता नाही.

तोवर रडून झालं होतं. माणसं भेटून गेली होती. दारातल्या तिच्या चपला उचलून आत ठेवायचं कामही मीच केलं होतं. पण कळणं वेगळं आणि पटणं वेगळं. माझा भाऊ पिठाच्या मोठ्या गिरणीत पोत्यांची तोंडं शिवतो. शिवायचं यंत्र वरून स्प्रिंगला टांगलेलं असतं, भरलेलं पोतं पट्ट्यावरून समोर येतं, दादा एका हाताने त्याचं तोंड जुळवून धरतो, दुसऱ्या हाताने यंत्र फिरवतो, सर्रर्र, झालं, पुढचं. आयुष्यभर त्याने हेच केलं. आणि वहिनीला दमा. जरा पीठ उडालं की तिची छाती वाजायला लागायची. म्हणून लग्न झाल्यापासून दादाने गिरणीतलं पीठ उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. पाळी सुटली की तिथेच नळाखाली अंघोळ. कान टॉवेलच्या टोकाने पुसायचा, भुवया जुन्या टूथब्रशने झाडायचा. गिरणीचे कपडे गिरणीतच धुऊन तिथल्याच पत्र्याच्या कपाटात ठेवायचा. थंडीतही यात खंड नाही. बरोबरचे लोक "निघाला नवरदेव" म्हणून हसायचे. हा म्हणायचा, "हसा लेको. तुमच्या बायका धडधाकट आहेत."

त्या संध्याकाळी मी त्याच्याकडे भात लावून बसले होते. दार उघडलं तर हा तसाच उभा. केसांत पीठ, पापण्यांवर पीठ, कानाच्या पाळ्या पांढऱ्या. मी म्हटलं, "अंघोळ नाही केलीस?" तो म्हणाला, "आता कशाला?" आणि खुर्चीत बसला. खुर्चीच्या पाठीला त्याच्या डोक्याचा पांढरा डाग पडला. तो मी अजून पुसलेला नाही.

लोक काय बोलतात तेही सांगते, कारण त्याने माझं डोकं फिरतं. "एवढी तयारी केली होती बिचाऱ्याने, काय उपयोग झाला?" हे मला जिन्यात एकीने ऐकवलं. दुसऱ्या एकाने दादाच्या तोंडावर सांगितलं की जे व्हायचं ते होतंच, पिशव्या भरून काय होतंय. या लोकांच्या घरात दिवे गेले की मेणबत्ती शोधायला आधी मेणबत्ती लागते. आणि हे दादाच्या तयारीला नावं ठेवणार. मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं, पण त्याने दादाच्या छातीवरचा दगड थोडाच हलणार होता.

ती तयारी सुरू झाली मीटरच्या पेटीमुळे. दादाच्या इमारतीत खाली जिन्याशी सगळ्यांचे विजेचे मीटर आहेत. एका दुपारी तिथे ठिणगी पडली आणि जिना धुराने भरला. आग अशी मोठी नव्हती, पण कुणाला काय माहीत. सगळे जिवाच्या आकांताने खाली पळाले. मी मागच्याच गल्लीत राहते, धूर बघून धावत आले. दादाची त्या दिवशी सुट्टी होती. तो खाली पोचला तेव्हा त्याच्या हातात टीव्हीचा रिमोट होता. वहिनी ओल्या कपड्यांची बादली घेऊन आली होती, अनवाणी, आणि तिचा दम्याचा पंप वर ओट्याशेजारी राहिला होता. धूर तिच्या छातीत गेलाच होता. ती फुटपाथवर बसली आणि तिचे ओठ निळे पडायला लागले. वरच्या मजल्यावरची नर्सबाई नेमकी तेव्हाच कामावरून येत होती. तिने तोंडाला ओला रुमाल बांधला, वर जाऊन पंप आणला आणि दोन फवारे दिले, तेव्हा वहिनीच्या जिवात जीव आला. बोलता यायला लागल्यावर ती पहिलं काय म्हणाली असेल? "अहो, तो रिमोट इथून चालतो का बघा, मालिका सुरू झाली असेल."

आम्ही सगळे हसलो. दादा हसला नाही. तो रिमोट खिशात घालायचा प्रयत्न करत होता, आणि तो काही केल्या खिशात जाईना.

नंतर सोसायटीच्या खोलीत अग्निशमन दलाचा एक माणूस बोलायला आला. घरात काय तयारी ठेवावी, सुरुवात कुठून करावी, असं साधं बोलला. बाकीचे चहासाठी आले होते, दादा ऐकायला आला होता. तो माणूस म्हणाला, सगळं एकदम करायला जाऊ नका, आज एक गोष्ट करा. गॅस कुठून बंद होतो, मेन स्विच कुठला, हे घरातल्या प्रत्येकाला डोळे मिटून सापडलं पाहिजे. पलंगाखाली बूट ठेवा. बाहेर पडल्यावर कुठे भेटायचं ते आधी ठरवून ठेवा. आणि दाराजवळ एक पिशवी, ज्यात पाणी, बॅटरी, कागदपत्रांच्या प्रती, औषधं. "ज्याच्यावाचून घरातल्या माणसाचं अडेल, ते पिशवीत सगळ्यात आधी," असं तो म्हणाला. दादाने घरी येताना हे वाक्य मला पुन्हा म्हणून दाखवलं.

मग काय, दादाने घर डोक्यावर घेतलं. वहिनीला डोळे मिटून गॅसपर्यंत चालायला लावलं. ती वाटेत मुद्दाम त्याच्या पोटाला हात लावून विचारायची, "हा सिलिंडर का?" पलंगाखाली दोघांचे जुने बूट आले. भेटायची जागा म्हणून कोपऱ्यावरचं चपला दुरुस्तीचं दुकान ठरलं. वहिनी म्हणाली, बरं झालं, बूट तुटके आहेत, वाट बघता बघता शिवून होतील. त्यांना मूलबाळ नाही. घरात माणसं दोनच, पण दादाने तालीम अशी घेतली की जशी काही शाळा रिकामी करायची आहे. तो शिट्टी वाजवायचा आणि ती पदर खोचून जिना उतरायची. खाली पोचली की मला फोन, "तुझ्या भावाने आज पुन्हा मला वाचवलं बघ." ती थट्टा करायची, पण उतरायची. हे मी मुद्दाम सांगते आहे. दादा जन्मभर म्हणत आला की ही बाई माझं एक ऐकेल तर शपथ, आणि आम्हीही ते खरंच धरून चाललो होतो.

पिशवी त्याने स्वतः शिवली. गिरणीत शिक्का चुकला म्हणून बाजूला टाकलेलं एक कोरं, जाड कापडाचं पोतं मागून आणलं. ते कापड असं की हाताने फाडू म्हटलं तर फाटणार नाही. त्याला खांद्यावर अडकवायला लांब पट्टा लावला. एका अंगाला गव्हाच्या लोंबीचं चित्र आणि खाली जाड अक्षरात निव्वळ वजन, दुसरं अंग कोरं. आत सगळ्यात आधी गेला दम्याचा नवा पंप, खोक्यासकट. वहिनी नेहमी एक वापरायचा आणि एक कपाटात शिलकीचा असे दोन पंप ठेवायची. दादा म्हणाला, शिलकीचा कपाटात कशाला, तो पिशवीत. कपाटाकडे धावायचं की दाराकडे, हा घोळच नको. बोलणं बरोबर होतं. मला आजही ते बरोबरच वाटतं.

पण वहिनीच्या घरात राखून ठेवलेली वस्तू राहील तर ती वहिनी कसली. तिचा हात सढळ होता. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं, पिशवीतल्या बॅटरीचे सेल निघाले. शेजारणीकडे दिवे गेले, पिशवीतल्या मेणबत्त्या गेल्या. माझी मुलगी मामीकडे गेली की बिस्किटं पिशवीतलीच, कारण ती "सहलीची बिस्किटं" म्हणून जास्त गोड लागतात असं मामीनेच तिला शिकवलेलं. दादा सुट्टीच्या दिवशी पिशवी उघडून बघायचा आणि कपाळावर हात मारायचा. "अगं, संकट आलं तर काय त्याला थांब म्हणू, आधी सेल आणतो?" ती म्हणायची, "संकट येईल तेव्हा येईल. घड्याळ आत्ता बंद आहे." तोवरही तो हसण्यावारी नेत होता. मग एकदा पिशवीत पंपच नव्हता. ती बाजारात जाताना पर्समध्ये टाकून घेऊन गेली होती आणि परत ठेवायला विसरली होती. त्या दिवशी दादा चिडला. मी त्याला वहिनीवर चिडलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. आवाज चढवला नाही त्याने, पण म्हणाला, "फुटपाथवर मी तुझे ओठ बघितले आहेत. तू नाही बघितलेस."

दुसऱ्या दिवशी तो पिशवी गिरणीत घेऊन गेला आणि संध्याकाळी परत आणली, तोंड शिवून. पोत्याचं तोंड शिवतात तसंच, यंत्राने, आरपार. तेव्हा मी तिथेच होते. वहिनीने पिशवी हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "हे काय, आता आत आहे ते आतच मरणार." दादा म्हणाला, "थांब, दाखवतो." त्याने एक रिकामं शिवलेलं पोतंही आणलं होतं. पोत्याची शिवण एकाच धाग्याची असते, साखळीसारखी. तिच्या दोन्ही टोकांना धागा लोंबत ठेवतात, त्याला गिरणीत शेपूट म्हणतात. ज्या टोकाला शिवण संपते तिथलं शेपूट धरून ओढलं की सगळी साखळी आपोआप उसवत जाते. दुसरं टोक धरलं तर जितकं ओढाल तितकी ती आवळते. दादाने पोतं समोर धरलं, शेपूट धरलं आणि ओढलं, सर्रर्र, पोत्याचं तोंड उघडं. वहिनीने टाळ्या वाजवल्या. तिला ते जादूसारखं वाटलं. मग त्याने पिशवी तिच्यापुढे धरली, लोंबीचं चित्र तिच्याकडे करून. "हे उजवीकडचं शेपूट. हेच ओढायचं. डाव्याला हात लावायचा नाही, ते आवळतं. सांग बघू कुठलं?"

"उजवं, उजवं. जेवायचा हात." वहिनीने हात वर करून दाखवला. "मास्तर, पास का?"

अशी ती पिशवी दाराशेजारच्या खुंटीला गेली. त्यानंतर तिच्यातून काही बाहेर निघालं नाही. शिवण सोडली तर पुन्हा घालता येणार नाही, हे वहिनीला माहीत होतं. माझ्या मुलीची बिस्किटं बंद झाली. दादा निर्धास्त झाला. संकटासाठी ठेवलेली वस्तू आता संकटालाच मिळेल, असं म्हणायचा.

वहिनीने एकच फेरफार केला. लोंबीचं चित्र आणि ते वजन दारात येणाऱ्याच्या डोळ्यांवर यायचं. वहिनी अंगाने चांगली भरलेली होती आणि तिला स्वतःवर विनोद करायला आवडायचं. ती म्हणाली, "आल्या आल्या पाहुण्याला निव्वळ वजन कशाला वाचायला द्यायचं? तेही मी शेजारी उभी असताना?" आणि तिने पिशवी फिरवून लावली, चित्र भिंतीकडे, कोरं अंग बाहेर. दादाही हसला. जाता येता ती पिशवी तो बघत होता, मी बघत होते. कुणाच्या डोक्यात काही आलं नाही.

आणि मग संकट आलं ते आग घेऊन आलं नाही, पूर घेऊन आलं नाही. साधी दुपार होती. दादा कामावर, नर्सबाई कामावर, शेजारीण माहेरी. वहिनीला सकाळपासून जरा जड वाटत होतं, पण तसं तिला अधूनमधून वाटायचं. तिचा रोजचा पंप दुपारी संपला असावा. तो आम्हाला स्वयंपाकघरात जमिनीवर मिळाला, रिकामा. फोन खिडकीशी चार्जिंगला होता.

दादा संध्याकाळी अंघोळ करून, स्वच्छ होऊन घरी आला. किल्लीने दार उघडलं तर ते पुरतं उघडेना, आतून काहीतरी अडत होतं. ते काहीतरी वहिनी होती. ती दाराशेजारी भिंतीला टेकून बसली होती आणि खुंटी तिच्या डोक्यावर होती.

डॉक्टर चांगला माणूस. त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "झटका फार मोठा होता. त्यांना काही करायला वेळच मिळाला नसेल." दादाने हे वाक्य उचललं. येईल त्याला तेच सांगायला लागला. वेळच मिळाला नाही हो तिला. नाहीतर पंप होता ना, हाताशी होता, पण वेळच मिळाला नाही. बुडणाऱ्या माणसाने फळी धरावी तसं त्याने ते धरलं होतं, आणि कुणीही ते त्याच्या हातून काढून घेऊ नये, एवढंच मला वाटत होतं.

कारण मी वहिनीचा हात बघितला होता. शेवटी तिचा हात हातात घेऊन बसले तेव्हा दिसलं, उजव्या अंगठ्याचं नख मुळापासून उलटलं होतं. मग मी उठून पिशवीपाशी गेले. शिवणीच्या एका टोकाला धाग्याचा चोथा झाला होता. दातांनीही ओढलेलं होतं, कापड तिथे ओलं होऊन वाळल्यासारखं चरबट झालं होतं, आणि त्यावर तपकिरी डाग होता. तिला वेळ मिळाला होता. तो वेळ तिने त्या पिशवीशी झुंजण्यात घालवला होता. दादाने शिवलेली पिशवी तिला उघडली नव्हती.

मी पिशवी खुंटीवरून काढली, शालीत गुंडाळली आणि माझ्या घरी नेऊन कपाटावर ठेवली. दादाने विचारलं तेव्हा म्हटलं, "डोळ्यांसमोर नको म्हणून नेली." तो म्हणाला, "बरं केलंस."

तिथेच मिटलं असतं. पण माझा भाऊ वाया जाऊ देणाऱ्यातला नाही. काही दिवसांनी म्हणाला, "त्या पिशवीत पंप आहे. नवा कोरा आहे. नर्सबाईंच्या दवाखान्यात कितीतरी लोक येतात, कुणाच्या तरी कामी येईल." मी म्हटलं, देते. दिला नाही. पुन्हा म्हणाला, तारीख उलटून जाईल. मी म्हटलं, या आठवड्यात नक्की. पुढच्या वेळी तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. पिठाने भरलेल्या पापण्यांनी तो तसा बघतो तेव्हा माझ्याच्याने खोटं बोलवत नाही.

म्हणून मी ठरवलं की शिवणीचा तो सगळा काठच कापून टाकायचा. पंप काढायचा, पिशवीला नवी दुमड घालायची, म्हणजे खूणच राहणार नाही. रविवारची सकाळ होती. नवरा आणि मुलगी बाहेर गेले होते. मी पिशवी मांडीवर घेतली, कात्री शोधून आणली, आणि दार नुसतं लोटलेलं आहे हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. दादा थेट आत आला.

"अगं, कापतेस कशाला?" तो म्हणाला. आणि काय सांगू, तो हसला. वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. "एवढ्या वेळा बघितलंस तरी तसंच. आण इकडे, एका झटक्यात निघतं."

मी म्हटलं, "राहू दे ना, मी करते." पण पिशवी त्याच्या हातात गेलीही होती. त्याने ती सवयीप्रमाणे धरली, लोंबीचं चित्र स्वतःकडे. उजव्या हाताने उजवीकडचं शेपूट धरलं. ते जसंच्या तसं होतं, कुणी बोटही लावलेलं नव्हतं. आता ओढणार, एवढ्यात त्याच्या डाव्या अंगठ्याला दुसऱ्या टोकाचा चोथा लागला.

तो थांबला. "हे कुणी केलं?"

"मी. ओढून बघत होते."

"कधी?"

"आत्ताच. तू यायच्या आधी."

त्याने तो धागा दोन बोटांत चोळला. धाग्याच्या बाबतीत त्याला कोण फसवणार. "हे जुनं आहे," तो म्हणाला. मग त्याला तो डाग दिसला. त्याने माझे दोन्ही हात पुढे ओढून घेतले आणि एकेक नख बघितलं. माझी नखं शाबूत होती.

त्याने माझे हात सोडले आणि पिशवी पुन्हा उचलली. मला वाटलं, त्याला कळलं. मला जेवढं माहीत होतं तेवढं त्याला कळलं असं मला वाटलं. पण मला सगळं माहीतच नव्हतं. तो माझ्या दाराशी गेला. दाराशेजारी छत्रीसाठी खिळा आहे, त्याला त्याने पिशवी लावली. आधी चित्र बाहेर करून लावली, मग काढली, आणि फिरवून लावली. चित्र भिंतीकडे, कोरं अंग बाहेर, वहिनीने लावली होती तशी. मग तो तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने आपला जेवायचा हात वर केला, पिशवीच्या उजव्या टोकाकडे नेला. हात त्या चोथ्यावर जाऊन पडला.

"उजवंच ओढलं तिने," दादा म्हणाला.

मला तेव्हा कुठे समजलं.

"पिशवी फिरवली की बाजू फिरतात," तो म्हणाला. मला सांगत नव्हता, त्या भिंतीला सांगत होता. "मी दिवसभर तेच काम करतो. उलटं पोतं समोर आलं तर झोपेतसुद्धा माझा हात डावीकडे जातो. आणि घरात रोज उलटी पिशवी बघत होतो. तिला म्हणालो नाही की आता डावं. एवढंच म्हणायचं होतं. आता डावं."

"दादा, तुला काय ठाऊक होतं रे," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणाले ना, झटका मोठा होता. उघडली असती तरी सांगता येत नाही."

त्याने ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने तो चोथा मुठीत धरला आणि ओढला. शिवण आवळली. मनगटाला वेढा घालून पुन्हा ओढला. भरली पोती खांद्यावरून वाहिलेले हात आहेत ते. खिळा भिंतीतून हलला, चुन्याची पूड खाली पडली, पण शिवण टाकाभरही सुटली नाही.

"बघ," तो म्हणाला. "माझ्याच्यानेपण येत नाही."

"सोड दादा."

"दम असलेल्या माणसाच्याने येत नाही गं."

मी त्याचा दंड धरला. तो रडत होता, पण तोंड न उघडता, आणि ओढायचं थांबत नव्हता. "कधी ऐकलं नाही म्हणायचो मी तिला," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर म्हणायचो. ही माझं एक ऐकेल तर शपथ. दात लावले तिने, नख तोडून घेतलं, पण डाव्याला हात नाही लावला. मी सांगितलं होतं म्हणून."

डावीकडचं शेपूट तिथेच लोंबत होतं. एकदा ओढलं असतं तर पिशवी उघडली असती. तो तिकडे हात नेईना, आणि मलाही नेववेना. मी कात्री पदराआड धरून त्याच्या शेजारी उभी राहिले, आणि तो उजवं टोक ओढत राहिला.